घरी भरदार, बँडमध्ये गायब: बास ॲम्पपुढे कॉम्प्रेसर कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा. चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास गिटार, ३०० वॉटचा ॲम्प आणि मध्ये नवा कॉम्प्रेसर (जोरातला आवाज आपोआप दाबणारा) पेडल. घरी एकट्याने वाजवलं की आवाज भरदार, गोल, नोट लांबपर्यंत टिकणारी. तालमीला ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच बास कुठे जातो कळत नाही. वर नोट थांबली की हिस, म्हणजे सूं-सूं, ऐकू येतो. ॲम्पवरही ‘कॉम्प’ लिहिलेला एक नॉब आहे, तो वापरायचा की पेडल, की दोन्ही? आणि आकडे काय ठेवायचे?

आकडे देतोच, पण आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू. घरी भरदार आणि बँडमध्ये गायब या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. एकट्याने ऐकताना कॉम्प्रेशन जितकं जास्त तितकं कानाला बरं वाटतं, कारण नोटेची शेपटी वर उचलली जाते आणि खोली भरून जाते. बँडमध्ये ती शेपटी किक ड्रम, गिटारींचा खालचा पट्टा आणि झांजांच्या गदारोळाखाली गाडली जाते. तिथे बास ओळखू येतो तो नोटेच्या सुरुवातीच्या ठोक्यावरून, म्हणजे बोट तार सोडतं तेव्हाच्या त्या ‘टक्’वरून. तुमचा कॉम्प्रेसर बहुधा नेमका तोच ठोका खातोय.

कॉम्प्रेसर म्हणजे तुमच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर हात ठेवून बसलेला एक माणूस समजा. थ्रेशोल्ड ही त्याला आखून दिलेली रेघ: आवाज हिच्या वर गेला की नॉब खाली घे. किती खाली, ते रेशो सांगतो. रेशो ४:१ असेल आणि तुमची नोट रेघेच्या ८ डेसिबल वर गेली, तर बाहेर ती रेघेच्या २ डेसिबलच वर निघते. कापले गेले ६. या कापलेल्या ६ डेसिबलला गेन रिडक्शन म्हणतात, आणि सगळ्या आकड्यांत खरा कामाचा आकडा हाच. अटॅक म्हणजे त्या माणसाचा हात खाली यायला लागणारा वेळ, रिलीज म्हणजे आवाज उतरल्यावर हात परत वर न्यायला लागणारा वेळ. शेवटी आउटपुट किंवा लेव्हल लिहिलेला नॉब, म्हणजे मेकअप गेन. तो सगळंच वर उचलतो: जोरातली नोट, हळू नोट, तारेवर घासलेलं बोट आणि पिकअपची गुणगुणसुद्धा. तुमच्या हिसचा उगम इथे आहे, त्याकडे पुढे येतो.

आता ॲम्पच्या बाजूने बघा. १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट. नोटेचा टिकून राहणारा भाग ३० वॉटमध्ये भागत असेल आणि जोरात मारलेला ठोका त्याच्या १० डेसिबल वर उडी घेत असेल, तर त्या क्षणापुरते ३०० वॉट लागतात. तुमचा ॲम्प तिथेच संपला. त्या ठोक्यातून ५ डेसिबल काढून घेतले की मागणी ९५ वॉटच्या आसपास येते, आणि मोकळी झालेली जागा तुम्ही एकूण आवाज वाढवायला वापरू शकता. कॉम्प्रेसर लावला की छोटा ॲम्प मोठा वाटायला लागतो म्हणतात, ते यामुळे.

पण यात एक मेख आहे, आणि ती फार कमी लोक नीट सांगतात. ॲम्पची जागा वाचवायची तर ठोका पकडावा लागतो, म्हणजे अटॅक झटपट हवा. बँडमध्ये ऐकू यायचं तर ठोका सुटू द्यावा लागतो, म्हणजे अटॅक सावकाश हवा. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकाच नॉबवर दोन्ही साधायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. म्हणून माझं सरळ मत: पेडलने वाजवण्याचा समतोल सांभाळायचा, सावकाश अटॅक ठेवून. शिखरं कापण्याचं काम ॲम्पमधल्या लिमिटरवर (आवाजाला रेघेवर जवळपास जाऊच न देणाऱ्या कडक कॉम्प्रेसरवर) सोडायचं, तेही तो क्वचितच लागेल इतक्या वरच्या रेघेवर. ठोक्याची पहिली काही मिलिसेकंदं ॲम्पने जराशी दाबली तरी कानाला तुटका आवाज म्हणून ती सहसा जाणवत नाहीत. अख्खी नोट दाबली गेली की मात्र लगेच कळतं.

यातच ‘कॉम्प’ नॉबचं उत्तर आहे. ॲम्पवरच्या एकाच नॉबमागे काय चालतं ते प्रत्येक ॲम्पमध्ये वेगळं असतं. कुठे तो फक्त थ्रेशोल्ड खाली आणतो, कुठे रेशोही सोबत वाढवतो, आणि अटॅक-रिलीज कारखान्यातच ठरवून दिलेले असतात. वेगळा लिमिटरचा स्विच असेल तर तो चालू राहू द्या. ‘कॉम्प’ नॉब आधी शून्यावर ठेवा आणि पेडल नीट लावा. नंतर वाटलं तर तो नॉब इतकाच उघडा की सगळ्यात जोरात वाजवलं तरच त्याचा दिवा लुकलुकेल. दोन कॉम्प्रेसरनी ३-३ डेसिबल काढणं हे एकाने ६ काढण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त नैसर्गिक वाटतं, त्यामुळे दोन्ही वापरण्यात काही चूक नाही. दोन्ही पिळून वापरणं ही चूक.

पेडल साखळीत कुठे, याचं उत्तर: बासच्या लगेच पुढे, ट्यूनरनंतर, ॲम्पच्या इनपुटआधी. ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (पेडल जोडायला ॲम्पच्या मागे दिलेल्या जागेत) टाकायचा मोह होतो, पण लूप येतो प्रीॲम्पनंतर, म्हणजे गेन आणि टोनच्या नॉबांनंतर. तिथे लावलात की ॲम्पचा गेन जरा हलवला तरी पेडलकडे येणारी पातळी बदलते आणि बसवलेला थ्रेशोल्ड निकामी होतो. टोनच्या नॉबने खालचा पट्टा उचललात तर कॉम्प्रेसर त्या फुगवट्यावर चालू लागतो. शिवाय काही ॲम्पांचा लूप पेडलला झेपणार नाही इतक्या जोराचा सिग्नल पाठवतो. इनपुटआधी ठेवला की पेडलला फक्त तुमची बोटं आणि तुमचा बास एवढंच दिसतं. हो, बास बदलला की मात्र सगळं पुन्हा बघावं लागतं. बॅटरीवरचा ॲक्टिव्ह बास पॅसिव्हपेक्षा बराच गरम, म्हणजे जोराचा, सिग्नल देऊ शकतो, आणि ९ व्होल्टवर चालणाऱ्या काही पेडलांत त्याने इनपुटलाच आवाज फाटतो. तसं झालं तर बासचा व्हॉल्यूम थोडा उतरवा. पेडल १८ व्होल्ट घेतो असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच तसा पुरवठा द्या, अंदाजाने नको.

आता अटॅक. खालची उघडी ‘ई’ तार सुमारे ४१ हर्ट्झला कंपते, म्हणजे एक पूर्ण लहर साधारण २४ मिलिसेकंदांची. गिटारवाल्यांसाठी लिहिलेल्या सल्ल्यातला ५ मिलिसेकंदांचा अटॅक बासवर लावलात, तर लहर अजून नीट उघडलेलीही नसते आणि हात खाली येतो. बोटाचा आणि फ्रेटचा ‘टक्’ पहिल्या १०-२० मिलिसेकंदांत होऊन जातो. म्हणून बोटांनी वाजवणाऱ्याने २० ते ४० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. ठोका निसटतो आणि मागची शेपटी सपाट होते. तालमीत तुमचा हरवलेला बास या एका नॉबवर अर्धाअधिक परत येईल.

रिलीजकडे मात्र कुणी बघतच नाही, आणि अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात. रिलीज फार झटपट ठेवला, समजा २०-३० मिलिसेकंद, तर खालच्या नोटांवर कॉम्प्रेसर एकाच लहरीच्या आत वर-खाली होऊ लागतो. लहरीचा आकारच बिघडतो आणि आवाजात खरखर येते. लोक स्पीकर फाटला समजून कॅबिनेट (स्पीकरची पेटी) उघडून बसतात. उलट टोकाला रिलीज फार लांब ठेवला, तर पहिली नोट धाडकन येते, कॉम्प्रेसर खाली बसतो आणि पुढच्या नोटा येईपर्यंत उठतच नाही. ओळीची पहिली नोट मोठी आणि बाकीच्या दबलेल्या, असं ऐकू येत असेल तर अटॅक-रेशोला हात लावू नका, रिलीज कमी करा. हिशेब सोपा आहे. १०० च्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा ३०० ची, पाव मात्रा १५० ची. तुमची ओळ अर्ध्या मात्रांची असेल तर पुढची नोट येण्याआधी गेन मूळ जागी पोचायला हवा, म्हणजे रिलीज १५० ते २५० च्या दरम्यान. प्रत्येक गाण्याला नॉब फिरवत बसू नका. तुमच्या यादीतल्या सगळ्यात गिचमिड ओळीला जमेल असा रिलीज ठेवा, बाकीची गाणी त्यात बसतात.

बसवायची पद्धत सांगतो. आधी मुद्दाम अतिरेक करायचा. रेशो जितका वर जाईल तितका, थ्रेशोल्ड खाली, अटॅक सगळ्यात झटपट. बास मेल्यासारखा ऐकू येईल, यायलाच हवा. आता अर्ध्या मात्रांची एक साधी ओळ सतत वाजवत रिलीज फिरवा. एका जागी तो लयीबरोबर श्वास घेऊ लागतो: प्रत्येक नोटेनंतर आवाज उठतो आणि पुढची नोट नेमकी तेव्हाच पडते. तिथे थांबा. मग अटॅक हळूहळू सावकाश करत जा. सुरुवातीला काही फरक वाटणार नाही, मग एकदम बोटाचा ‘टक्’ परत येईल. त्याच्या किंचित पुढे थांबा. आता रेशो खाली आणा, ३:१ किंवा ४:१ पर्यंत. सगळ्यात शेवटी थ्रेशोल्ड वर न्या, इतका की नेहमीच्या जोरात वाजवताना ३ ते ५ डेसिबल कापले जातील, आणि हळू वाजवलेल्या नोटेला मीटर हलणारही नाही. हळू नोटेलाही दिवा लागत असेल तर रेघ खूप खाली आहे. मग तो कॉम्प्रेसर राहत नाही, नुसती आवाजाची पातळी बदलणारी पेटी होते. अतिरेक करून ऐकल्यामुळे फायदा असा की प्रत्येक नॉब नेमकं काय करतो ते कानाला एकदा उघडं दिसतं. ३ डेसिबलच्या कामात ते शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

मग लेव्हल. ही पायरी गाळली की आधीचं सगळं वाया. माणसाच्या कानाला जरासा मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, आणि खालचे सूर तर आवाज वाढला की जास्तच वाढल्यासारखे भासतात. पेडल चालू केल्यावर एक-दोन डेसिबल आवाज वाढत असेल तर तुम्ही कॉम्प्रेशनला नाही, त्या वाढीलाच दाद देताय. तीच ओळ वाजवत पायाने पेडल चालू-बंद करा आणि दोन्हीकडे आवाज सारखा वाटेपर्यंत लेव्हल फिरवा. दुसऱ्या कुणाला पेडल दाबायला लावून तुम्ही पाठ फिरवून वाजवलंत तर आणखी उत्तम. पातळी सारखी असताना पेडल चालू केल्याने वाजवणं सोपं वाटत असेल तर पेडल कामाचा. फरकच कळत नसेल तर बंद ठेवा, कुणी रागावत नाही.

हे सगळं बँडबरोबर करायचं, हेही त्यात आलंच. घरी बसवलेला अटॅक तालमीत नेहमी थोडा आणखी सावकाश करावा लागतो.

तुमच्या पेडलवर मीटर नसून एकच दिवा असेल तर तो बहुधा गेन रिडक्शन चालू आहे एवढंच सांगतो, किती ते नाही. तेव्हा जोरातल्या नोटांना लागतो आणि हळू नोटांना विझतो, इतकी खूण पुरे. दोनच नॉब असलेले पेडलही वाईट नसतात. सत्तरच्या दशकातला एमएक्सआरचा डायना कॉम्प दोनच नॉबांवर चालतो. त्याच्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ वाढवणं म्हणजे प्रत्यक्षात जास्त कॉम्प्रेशन मागणं. तो गिटारसाठी नावाजला. बासवर अशा जुन्या घडणीच्या पेडलांत खालचा भाग थोडा पातळ झाल्यासारखा वाटतो आणि ठोका बोथट होतो, म्हणून बासवाल्याने तसा घेण्याआधी बँडबरोबर ऐकूनच घ्यावा.

घडणीवरून स्वभाव कळतो. ऑप्टिकल प्रकारात सिग्नल एका दिव्याला उजळवतो आणि त्या उजेडाने गेन कमी होतो. साठच्या दशकातला टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए हा त्यातला मूळ पुरुष. त्याचा अटॅक साधारण १० मिलिसेकंदांचा. अर्धा रिलीज ६० मिलिसेकंदांच्या आसपास होतो आणि उरलेला काही सेकंद रेंगाळतो. बासवर हे फार गोड लागतं, पण स्लॅपमागे (अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने उपटून वाजवण्यामागे) धावताना तो दमतो. एफईटी (ट्रान्झिस्टरने गेन कमी करणारा) प्रकार चपळ. त्यातला ‘११७६’ नावाचा नामांकित कॉम्प्रेसर मायक्रोसेकंदांत अटॅक देतो, आणि त्याच्या अटॅक-रिलीजचे नॉब उलटे आहेत: उजवीकडे फिरवले की झटपट. त्याच्या वळणाचे बरेच पेडल मिळतात. तुमचा तसा असेल तर नॉब कोणत्या दिशेला झटपट होतो ते आधी माहितीपत्रकात बघा. ‘अटॅक कमी केला’ म्हणून सांगणारे अर्धे लोक प्रत्यक्षात उलट करून बसलेले असतात. व्हीसीए (व्होल्टेजने गेन हलवणारी चिप वापरणारा) प्रकार नेमका आणि शांत, स्वतःचा रंग कमी लावणारा. पाठ करायची गरज नाही. माझ्या मते बासवाल्याने प्रकारापेक्षा मीटर आणि वेगळा रिलीज नॉब आहे का, हे आधी बघावं.

आता हिस. नोट वाजत असते तोवर गेन खाली असतो. नोट थांबली की हात उठतो आणि मेकअप गेनने उचललेला सगळा कचरा उघडा पडतो. ६ डेसिबल मेकअप दिलात तर शांततेतला हिसही ६ डेसिबलने वाढला. तेव्हा पहिला उपाय म्हणजे कमी कापा, म्हणजे कमी उचलावं लागेल. दुसरा, कॉम्प्रेसरच्या आधी हिस किंवा गुणगुण करणारा कुठलाही पेडल ठेवू नका. तिसरा, सगळे पेडल एकाच वायरीवर माळून पुरवठा देत असाल तर प्रत्येकाला वेगळी, एकमेकांशी न जोडलेली वीज देणारा पुरवठा वापरून बघा. घूं-घूं बऱ्याचदा तिथूनच येते. दोन सिंगल-कॉइल पिकअपचा जॅझ धाटणीचा बास असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की बहुतेकांत गुणगुण एकमेकांना मारते, एक जरा उतरवला की परत येते. चौथा उपाय फुकटचा आहे: कॅबिनेटमध्ये हॉर्न (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर त्याच्यामागचा नॉब खाली करा. हिस ऐकू येतो तो मुख्यतः हॉर्नमधूनच, आणि बँडमध्ये बासच्या हॉर्नचं फारसं काही चुकत नाही.

कॉम्प्रेसरला जे काम देऊ नये तेही सांगायला हवं. एक तार मोठी आणि दुसरी बारीक वाजत असेल तर आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअपची मोठ्या आवाजाच्या तारेकडची बाजू अर्धा वेढा खाली घ्या, ऐका, परत अर्धा वेढा. दहा मिनिटांत जे मिळतं ते कुठला पेडल देत नाही, कारण पेडलला तारा वेगळ्या दिसतच नाहीत, त्याला फक्त पातळी दिसते. ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास नोट लवकर मरते ही तक्रार पुष्कळ बासवर असते, विशेषतः बोल्टने मान जोडलेल्यांवर. ती लाकडाच्या कंपनाची बाब आहे. तिथे कॉम्प्रेसर मदत करतो, पण अर्धीच. शेपटी थोडी लांबवतो, मेलेली नोट जिवंत करत नाही. त्या जागेसाठी नोट दुसऱ्या तारेवर घेणं जास्त सोपं.

पाच तारांचा बास घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. खालची ‘बी’ सुमारे ३१ हर्ट्झची, आणि ताकद बरीचशी खालच्या टोकाला. ती वाजली की कॉम्प्रेसर एवढा दचकतो की वरच्या नोटाही तिच्यासोबत खाली दबतात. काही पेडलांत यासाठी साइडचेन फिल्टर असतो: कॉम्प्रेसर ज्या सिग्नलवरून निर्णय घेतो त्यातून खालचा पट्टा वगळतो, तुम्हाला ऐकू येणाऱ्या आवाजातून काही काढत नाही. असा नॉब असेल तर वापराच. नसेल पण ‘ब्लेंड’ किंवा ‘ड्राय’ नॉब असेल तर त्यावरही बरंच निभतं. निम्मा कोरा सिग्नल मिसळला की ठोका कोऱ्या बाजूने जसाच्या तसा येतो आणि शेपटी कॉम्प्रेसरकडून येते. ज्यांच्या पेडलवर अटॅकचा नॉबच नाही त्यांनाही हाच मार्ग. तेव्हा मात्र कॉम्प्रेस केलेली बाजू थोडी जास्त पिळायला हरकत नाही, ६-८ डेसिबलपर्यंत.

वाजवण्याच्या ढंगाप्रमाणे थोडा फेरफार होतो. पिकने वाजवणाऱ्याचा ठोका मुळातच धारदार, त्याला अटॅक १०-१५ मिलिसेकंदांपर्यंत आणला तरी चालतो. स्लॅपमध्ये अंगठ्याची नोट आणि बोटाने उपटलेली नोट यांच्या पातळीत फार मोठी दरी असते. तिथे झटपट अटॅक, ६:१ किंवा त्याहून वरचा रेशो आणि वरची रेघ, म्हणजे जवळपास लिमिटरच हवा. नाहीतर प्रत्येक उपटलेल्या नोटेला समोरचा माणूस डोळे मिटतो. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा वापरणारे आणि तळहाताने दाबून वाजवणारे यांना कॉम्प्रेसर जवळजवळ लागतच नाही. त्यांची शेपटी छोटी असते, हे त्यांना हवंच असतं, आणि ती लांबवली की सगळा गाभाच जातो.

इतर पेडल असतील तर: बोटाच्या जोरावर उघडणारा एन्व्हलप फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी ठेवा, नाहीतर त्याला सगळे ठोके सारखेच दिसतात आणि तो एकाच जागी अडकतो. ड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा पेडल) कॉम्प्रेसरनंतर. ड्राइव्ह स्वतःच जबरदस्त कॉम्प्रेशन करतो, तेव्हा सतत ड्राइव्हवर वाजणाऱ्या गाण्यात कॉम्प्रेसर बंद ठेवून बघा. ट्यूब ॲम्पचंही थोडंफार तसंच. १९६९ साली आलेल्या अँपेग एसव्हीटीसारखा ३०० वॉटचा ट्यूब ॲम्प कडेला नेला की शिखरं स्वतःच गोल करू लागतो. अशा ॲम्पपुढे कॉम्प्रेसर अगदी हलका हवा.

कॉम्प्रेसर लावला म्हणजे स्पीकर सुरक्षित, हा समज मात्र काढून टाका. शिखरं कापून तुम्ही आवाज वर उचललात की ॲम्पमधून जाणारी सरासरी ताकद वाढते, आणि स्पीकरची कॉइल तापते ती सरासरीमुळे. कॅबिनेटची क्षमता ॲम्पपेक्षा कमी असेल तर कॉम्प्रेसर लावून मास्टर वाढवणं तिला जास्त जाचक होऊ शकतं. खालच्या टोकाला स्पीकरचा कोन (पडदा) नको इतका पुढे-मागे पळत असेल तर ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर हा त्यावरचा खरा इलाज, आणि तो कॉम्प्रेसरआधी लावला की कॉम्प्रेसरही शहाण्यासारखा वागतो.

मोठ्या कार्यक्रमात ॲम्प फक्त स्टेजपुरता उरतो आणि बास डीआयमधून (सिग्नल थेट मिक्सरकडे नेणाऱ्या पेटीतून) साउंडवाल्याकडे जातो. त्याच्या मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला कॉम्प्रेसर असण्याची शक्यता बरीच, आणि बासवर तो तसाही लावणार आहे. तुमच्या पेडलने आधीच १० डेसिबल कापून पाठवले असतील तर ते त्याला परत आणता येत नाहीत. कमी कापून पाठवलंत तर तो हवं तेवढं कापू शकतो. साउंड चेकला एवढंच सांगा की साखळीत कॉम्प्रेसर आहे आणि हलका आहे. आणि त्याला सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरातली अशा दोन्ही ओळी वाजवून दाखवा, फक्त मधली नको. एवढं न करता नंतर साउंडवाल्याशी भांडून कुणाचा बास सुधारल्याचं ऐकिवात नाही.

घरच्या रियाजाला पेडल बंद. बोटांची पातळी एकसारखी आहे की नाही हे कॉम्प्रेसरमधून कळत नाही.

तुमच्यासाठी सुरुवातीचे आकडे, एकत्र: रेशो ४:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज २०० मिलिसेकंद, जोरातल्या नोटेवर ४ डेसिबल रिडक्शन, लेव्हल बंद-चालू सारखी, ॲम्पचा ‘कॉम्प’ शून्य, लिमिटर चालू. यानंतरही बास हरवतच असेल तर कॉम्प्रेसरला हात लावू नका, टोनचे नॉब बघा. घरी छान वाटावं म्हणून बहुतेकांनी बासचा नॉब वाढवून मिड (मधला पट्टा) खाली ओढलेला असतो. बँडमध्ये ६०-८० हर्ट्झवर किक बसलेली असते, आणि बासची नोट कुठली ते कळतं २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. मिड सपाटीला आणा, लो-मिड ३ डेसिबल वर घ्या, बासचा नॉब थोडा उतरवा, आणि मग ड्रमरला पहिल्यापासून सुरू करायला सांगा.